क्यूबात उतरायचं कुठे? : हवाना-त्रिनिदादच्या जुन्या घरांचा माझा अनुभव

टोरांटोहून क्यूबाला जाणारी बहुतेक मंडळी विमानातून उतरली की थेट वाराडेरोच्या किनाऱ्यावर जातात, मनगटाला पट्टा बांधून घेतात आणि परत निघेपर्यंत रिसॉर्टबाहेर पाऊल टाकत नाहीत. इथला हिवाळा काढलेल्या माणसाला त्यात वावगं काही वाटत नाही. मला मात्र गावात राहायचं होतं. शंभर-दीडशे वर्षांच्या छताखाली झोपायचं, सकाळी गॅलरीतून खालचा रस्ता जागा होताना बघायचा, एवढीच हौस. २०२४ च्या फेब्रुवारीत जायचं ठरलं आणि या साध्या हौसेचं एक प्रकरणच झालं, कारण बरोबर चार माणसं आणि त्यांच्या चार तऱ्हा. आईचे गुडघे दुखरे आणि आहार शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बायकोला रात्री आवाज चालत नाही. आणि न्यू जर्सीहून येणारे दादा-वहिनी स्वतःबरोबर अमेरिकेचा कायदा घेऊन येणार होते.

कायद्यापासूनच सुरुवात करतो, कारण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी लोकांना याची नीट कल्पना नसते. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकन सरकारने क्यूबातल्या निषिद्ध मुक्कामांची एक यादी काढली. सरकारी मालकीची किंवा सरकारशी संबंधित चारशेच्या वर ठिकाणं तिच्यात आहेत. क्यूबात जवळजवळ सगळी मोठी हॉटेलं सरकारचीच, त्यामुळे ऐतिहासिक म्हणून जी नावं आपण ऐकलेली असतात ती बहुतेक यादीत सापडतात. पासपोर्ट भारतीय असला तरी सुटका नाही, तुम्ही अमेरिकेत राहता म्हटल्यावर नियम तुम्हालाही लागू. नुसतं पर्यटन म्हणून जाणंही चालत नाही. परवानगीच्या ठरावीक वर्गांपैकी एकात बसावं लागतं. दादाने 'क्यूबन जनतेला आधार' हा वर्ग धरला. म्हणजे खासगी घरात राहायचं, खासगी खानावळीत जेवायचं, दिवसाचा कार्यक्रम लिहून ठेवायचा आणि पावत्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं जपायच्या (मार्च २०२५ पासून ही मुदत दहा वर्षांची झाली). दादा मुळातच पावत्या जपणारा माणूस, त्याला हे काही जड गेलं नाही.

माझी यादी तोपर्यंत तयार होती आणि तिच्यात एकजात हवानातली हॉटेलं होती. पार्के सेंत्राल या मधल्या बागेसमोरचं इंग्लातेर्रा, १८७५ चं, क्यूबातलं सगळ्यात जुनं हॉटेल म्हणून ओळखलं जाणारं. १८९५ मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल स्पॅनिश सैन्याची लढाई बघायला आला तेव्हा इथेच उतरला होता. मूरिश (उत्तर आफ्रिकी-अरबी) धाटणीच्या दर्शनी भागाचं सेविया, १९०८ चं. ओबिस्पो रस्त्यावरचं गुलाबी आंबोस मुंदोस, जिथली ५११ नंबरची खोली हेमिंग्वेची म्हणून जपून ठेवली आहे. प्लासा दे आर्मास या चौकातलं सांता इसाबेल, मुळात एका काउंटचा वाडा. आणि वेदादो भागात, समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं दोन मनोऱ्यांचं नॅशनल. ते ३० डिसेंबर १९३० ला उघडलं. १९४६ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माफियांची बैठक तिथे भरली होती आणि १९६२ च्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र-पेचाच्या वेळी खणलेले खंदक त्याच्या बागेत अजून आहेत. यादीतलं एक नाव मात्र आधीच पुसलं गेलं होतं: कापितोलिओ या संसदभवनाजवळचं साराटोगा. मे २०२२ मध्ये टँकरमधून गॅस भरताना तिथे स्फोट झाला आणि चाळीसच्या वर माणसं गेली.

दादाने फोनवर यादी ऐकली आणि विचारलं, "यातला पैसा जातो कुणाकडे?" प्रश्न योग्य होता. जुन्या हवानाला १९८२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण त्या पडक्या इमारती उभ्या करायला पैसा कुठून आणायचा? नगर-इतिहासकार एउसेबिओ लेआल यांच्या कार्यालयाने १९९४ मध्ये आबागुआनेक्स नावाची कंपनी काढली. तिने जुने वाडे दुरुस्त करून हॉटेलं चालवायची, नफ्यातून शेजारचा पुढचा वाडा दुरुस्त करायचा. कल्पना एकदम पटण्यासारखी, आणि आज आपण जे नीटनेटके चौक बघतो ते बरेचसे त्यातूनच उभे राहिले. पण २०१६ मध्ये ती हॉटेलं लष्कराच्या ताब्यातल्या उद्योगसमूहाकडे गेली. तेव्हा 'इथे झोपलात की वारसा वाचतो' हे मनाचं समाधान आता पूर्वीइतकं सरळ उरलेलं नाही.

मग उरली कासा पार्तिक्युलार, म्हणजे भाड्याने खोल्या देणारी राहती घरं. १९९७ पासून याला कायदेशीर परवानगी आहे. दारावर उलट्या नांगरासारखं एक निळं चिन्ह असतं, त्यावरून परदेशी पाहुण्यांना ठेवणारं घर ओळखायचं. मालकीण पासपोर्ट मागते, वहीत नोंद करते, ती माहिती सरकारदरबारी जाते. घाबरायचं कारण नाही. उलट जे घर पासपोर्ट मागत नाही तिथेच शंका घ्यावी.

भाड्याच्या घरांच्या ॲपवर हवानातली घरं बघायला लागलो आणि लक्षात आलं की 'कलोनियल' (वसाहतकाळातलं) हा शब्द तिथे १९५० च्या फ्लॅटलाही सर्रास लावतात. म्हणून मी वर्णनं वाचणं सोडलं आणि फोटोत तीनच गोष्टी बघायला लागलो. छत किती उंच आहे, जमिनीवर नक्षीदार सिमेंटच्या जुन्या फरशा आहेत का, आणि दारांवर रंगीत काचेची अर्धवर्तुळं आहेत का. हे तिन्ही असलं की घर खरोखर जुनं असण्याची शक्यता बरीच.

पण जुनं घर सापडणं आणि त्यात आईला नेणं या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या हवानात छत चार-पाच मीटर उंच, त्यामुळे 'पहिला मजला' म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ दुसरा. काही घरांत त्या उंचीचा फायदा घेऊन मध्येच लाकडी माळा घातलेला असतो आणि भाड्याची खोली नेमकी त्या माळ्यावर निघते, शिडीसारख्या जिन्याच्या टोकाला. म्हणून प्रत्येक मालकिणीला माझा पहिला प्रश्न ठरलेला: पायऱ्या किती, आणि कठडा आहे का? दुसरा प्रश्न पाण्याचा. हवानात नळाला पाणी रोज येतंच असं नाही. गच्चीवर टाकी आणि खाली मोटर आहे का, ते विचारायचं. तिसरा, खोलीची खिडकी कुठे उघडते. रस्त्यावर उघडत असेल तर पहाटे पाववाल्याची आरोळी आणि रात्री कुणाच्या तरी स्पीकरवरचं गाणं घरातच. आतल्या चौकावर उघडत असेल तर शांतता, पण उजेड कमी. आणि खिडकीच नसलेल्या खोल्याही निघतात, फोटोत ते पडद्याआड छान झाकलेलं असतं. चौथा प्रश्न वीज गेल्यावर काय, हा. त्याचं उत्तर बहुतेकांनी हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह पाठवून दिलं.

मला स्पॅनिश येत नाही, सगळा कारभार भाषांतराच्या ॲपवर. तरी माणसं कळत होती. एकीने 'जिना अगदी सोपा' एवढंच कळवलं. दुसरीने, प्लासा देल क्रिस्तोजवळच्या घराच्या मालकिणीने, खालच्या दारापासून वरच्या दारापर्यंत चालत व्हिडिओ काढून पाठवला. संगमरवरी पायऱ्या, रुंद, मध्ये टेकायला एक चौथरा, दोन्ही बाजूंना कठडा. शेवटी कॅमेरा स्वतःकडे वळवून ती जरा धापा टाकत हसली. आई म्हणाली, "हिच्याकडेच जाऊ." रात्रीला खोलीमागे पस्तीस डॉलर, नाश्ता वेगळा. मोठी हॉटेलं एका रात्रीला याच्या चौपट-पाचपट रक्कम मागत होती.

हवानाच्या भागांबद्दल माझं मत सांगून टाकतो. जुन्या हवानाला लागून असलेला सेंत्रो हवाना फोटोसाठी जबरदस्त, पण तिथल्या बऱ्याच इमारती मोडकळीला आल्या आहेत आणि मोठ्या पावसानंतर बाल्कन्या, भिंती कोसळल्याच्या बातम्या येत असतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर मी तिथे उतरणार नाही. वेदादोत झाडं आहेत, व्हरांड्याचे ऐसपैस बंगले आहेत, तळमजल्यावरच्या खोल्या मिळतात. गुडघ्यांचा विचार पहिला असेल तर वेदादोच. पण तिथून जुन्या शहरात रोज टॅक्सी करावी लागते आणि पेट्रोलटंचाईत टॅक्सीवाला भाव सांगेल तो भाव.

पैशांचंही आधीच ठरवावं लागलं. अमेरिकन बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे दादा सगळी रोकड घेऊन आला. सरकारी दर तेव्हा डॉलरला १२० पेसो होता आणि रस्त्यावरचा त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून घरमालकिणींना थेट डॉलर किंवा युरो दिलेले बरे, त्यांनाही तेच हवं असतं. माझ्या घरांचं भाडं मी कॅनडातूनच ॲपवर भरून टाकलं होतं.

हवानातलं घर व्हिडिओत होतं तसंच निघालं. खरी मजा स्वयंपाकघरात झाली. काळ्या घेवड्याचा भात तिथला रोजचा, पण तो बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. मी निघायच्या आधीच 'फक्त तेल' असं लिहून होकार घेऊन ठेवला होता. तरी आईने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून बघितलाच. मालकिणीला राग आला नाही, तिने दुसरं पातेलं काढून दिलं. लसूण-लिंबाचं तेल ओतलेला उकडलेला युका समोर आल्यावर आई साशंक. हा कसावाचा कंद आहे, तुझा साबुदाणा याच्याच पिठूळ सत्त्वाचा करतात, असं सांगितल्यावर तिने तो एकादशीलाही चालेल असा निर्वाळा दिला. चहाचं मात्र आधी ठरवून नेलं होतं. क्यूबात रेशनचं दूध सात वर्षांखालच्या मुलांसाठी असतं, बाकीच्यांना मिळेल तेव्हा. कॅनडातून दूध पावडरची पाकिटं नेली. आईच्या चहाला त्यातलं थोडंच लागलं, बाकी सगळी मालकिणीच्या नातवासाठी ठेवली. जाताना औषधं, साबण, दूध पावडर यांना बॅगेत जागा ठेवा.

त्रिनिदादचा मुक्काम ठरवणं त्यामानाने सोपं गेलं. (आईने मावशीला 'आम्ही त्रिनिदादला चाललोय' सांगितलं, तेव्हा तिला ब्रायन लाराचा देश वाटला. हे क्यूबातलं गाव, हवानाहून मोटारीने चार-पाच तासांवर.) १५१४ मध्ये वसलेलं, आसपासच्या खोऱ्यात गुलामांच्या घामावर पिकलेल्या साखरेने श्रीमंत झालेलं आणि साखरेचा धंदा बसल्यावर नवं काही बांधायला पैसा न उरल्यामुळे जसंच्या तसं राहिलेलं. १९८८ मध्ये तेही वारसा-यादीत आलं. इथे घरं बैठी, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न मिटला, पण प्लासा मायोर या मुख्य चौकाभोवती गोल दगडांची फरसबंदी आहे आणि तिच्यावर धडधाकट माणसाचाही घोटा वळतो. गाड्या आत येत नाहीत, म्हणजे बॅगा ओढत न्यायच्या. शिवाय चौकाशेजारच्या पायऱ्यांवर रात्री उशिरापर्यंत गाणं-बजावणं. म्हणून नकाशावर दगडी रस्ते जिथे संपतात त्याच्या दोन गल्ल्या बाहेरचं घर घेतलं. रस्त्यावर उंच लाकडी गजांची खिडकी, आत बैठकीची खोली, मग मधला चौक, चौकात आंबा आणि पाण्याचं जुनं टाकं. वाईच्या वाड्यात वाढलेली आई दारातच म्हणाली, "अरे, हा तर आमचा वाडाच." तिने चपला काढल्या, चौकातली झुलती खुर्ची पकडली आणि गाव बघायला आमच्याबरोबर आलीच नाही. तिथे वीज रोज काही तास जायची. मालकिणीने चार्जिंगचे पंखे तयार ठेवले होते आणि चौकामुळे घर तापत नव्हतं. त्या उंच छतांचा आणि उघड्या चौकांचा उपयोग अशा वेळी कळतो.

परतताना शेवटची रात्र मी, बायको आणि आई जुन्या हवानातल्या एका नामांकित ऐतिहासिक हॉटेलात राहिलो. माझी हौस राहिली असती ना! नाव घेत नाही. दिवाणखाना अप्रतिम होता, खांब, झुंबर, पितळी कठडे. खोलीत मात्र बाथरूमचा नळ हातात येत होता, लिफ्ट बंद, आणि नाश्त्याच्या लांबलचक टेबलावर ताटं जास्त, पदार्थ कमी. एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या रात्री दादाच्या कासामध्ये वीज गेली आणि आमच्याकडे जनरेटरवर एसी चालू होता. ज्यांना इन्सुलिन थंड ठेवावं लागतं किंवा झोपताना श्वासाचं यंत्र लागतं, त्यांनी घराच्या गोडव्याला न भुलता जनरेटरवालं हॉटेल घ्यावं. बाकीच्यांना माझा सल्ला उलटा आहे: हॉटेलं तळमजल्यावरून आणि गच्चीवरून बघा, झोपा घरात. आंबोस मुंदोसच्या दिवाणखान्यात पियानो ऐकत कॉफी घ्या, नॅशनलच्या बागेत संध्याकाळी बसा, दारवान अडवत नाही आणि खर्च कॉफीपुरता.

आंबोस मुंदोसमध्ये दादाची फार पंचाईत झाली. मुक्कामाच्या यादीशिवाय अमेरिकेची आणखी एक यादी आहे, ज्यांच्याशी पैशाचा थेट व्यवहारच करायचा नाही अशा संस्थांची, आणि हे हॉटेल तिच्यातही. दादा खुर्चीवर बसला, पियानो ऐकला, पण कॉफी मागवायला तयार होईना. मी माझ्यासाठी दोन कप मागवले, बिल मी दिलं, एक कप त्याच्याकडे सरकवला. वहिनीने त्याला विचारलं, हे आता पाच वर्षांच्या फायलीत कसं लिहिणार? त्याने कॉफी पिऊन संपवली आणि म्हणाला, "धाकट्या भावाची भेट."