तुम्ही विचारलंत म्हणून: मी लोरेटा लिन का ऐकते

"तुम्ही चंद्रपूरच्या, आणि हे अमेरिकेतलं 'कंट्री', म्हणजे गावाकडचं गाणं कुठून लागलं?" माझ्या फोनवर लोरेटा लिन ही अमेरिकन गायिका सुरू झाली की कुणी ना कुणी विचारतंच.

आमचं घर कोळसा खाणीच्या कॉलनीत. शेजारचे काका रात्रपाळी करून यायचे. अंघोळ झाली तरी त्यांच्या पापण्यांच्या कडेला काजळ घातल्यासारखी काळी रेघ राहायची, कितीही साबण लावा. पुढे कितीतरी वर्षांनी लोरेटाचं 'कोल मायनर्स डॉटर' (खाणकामगाराची मुलगी) हे गाणं ऐकलं, आणि मला ती रेघच दिसली.

लोरेटा १९३२ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बुचर हॉलोत जन्मली, आठ भावंडांतली दुसरी. १९७० साली आलेल्या या गाण्यात तिनं आपलं घर जसंच्या तसं मांडलंय. वडील रात्री खाणीत, दिवसा मक्याच्या शेतात. कपडे घासून घासून आईच्या बोटांतून रक्त यायचं. उन्हाळ्यात पोरं अनवाणी; हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशांतून टपालानं नवे बूट मागवायचे. गरिबीचं रडगाणं कुठेच नाही, नुसता घरातला हिशेब. मला तो हिशेब फार जवळचा वाटतो. मूळ गाणं याहून लांब होतं, निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी काही कडवी गाळायला लावली. ती कडवी ऐकायला मिळावीत असं मला अजून वाटतं.

पंधराव्या वर्षी लग्न झालं, मग थेट वॉशिंग्टन राज्यात संसार. नवऱ्यानं सतरा डॉलरची गिटार आणून दिली, ती एकटीच वाजवायला शिकली. १९६० साली पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोघं गाडीत बसून एकेका रेडिओ स्टेशनच्या दारात गेले, आमचं गाणं लावा म्हणून. हाच नवरा प्यायचा, बाहेरख्यालीही होता. तिनं तेही लपवलं नाही, त्यावर गाणी केली. १९७५ साली तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं आलं, तर अनेक स्टेशनांनी ते लावायचंच नाकारलं. सहा मुलांच्या आईनं हे म्हणायचं नाही, तर कुणी म्हणायचं?

१९७२ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार तिला मिळाला. तोवर तो एकाही बाईला मिळाला नव्हता. २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी ती गेली. त्या रात्री जेवणं आटोपल्यावर भांडी घासताना मी 'कोल मायनर्स डॉटर'च लावलं. शेवटच्या कडव्यात ती त्या जुन्या घरी परत जाते, तर तिथं घरातली जमीन तेवढी उरलेली असते.