पदर नाही, पण टोपी चालते?

"सासरी कधी डोक्यावर पदर घेतला नाहीस, मग तिकडे व्हायकिंग बायकांचे कपडे घालून टोपी कशी काय बांधतेस?" नात्यातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी हे विचारतंच. व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे स्कँडिनेव्हियातले लोक. त्यांच्यासारखे कपडे घालून, शिबिरं लावून त्यांचं जगणं लोकांना दाखवणारा एक गट आहे, त्यात मी आहे. पाठोपाठ शिंगांचा प्रश्न येतो, तो आधी संपवते. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. ती १८७६ साली वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या पोशाखांतून लोकांच्या डोक्यात बसली.

टोपीचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

आम्ही घालतो त्यातलं बरंचसं स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंग काळातल्या गावाच्या थडग्यांवरून उभं केलंय. तिथे बाईच्या दोन्ही खांद्यांखाली कासवाच्या पाठीसारखे फुगीर, काशाचे ब्रोच मिळतात. धातू गंजला की त्याचे क्षार लगतच्या कापडात उतरतात आणि तेवढं कापड कुजत नाही. म्हणून ब्रोचच्या आत लिननचे, लोकरीचे बारीक बंद शिल्लक राहिले आणि त्यावरून खांद्याच्या पट्ट्यांचा झगा ठरला. ब्रोचपासून वीतभर लांब काय होतं, झगा पुढून बंद होता की उघडा, यावर अभ्यासक अजून भांडतात. डोक्यापाशी तर बहुतेकींच्या धातूच नव्हता. काही श्रीमंत थडग्यांत चांदीच्या तारेने विणलेल्या रेशमी पट्ट्या मिळाल्या, इतकंच.

माझी टोपी इंग्लंडमधल्या यॉर्कची. तिथल्या कॉपरगेट या रस्त्यावरच्या उत्खननात (१९७६ ते ८१) दहाव्या शतकातली एक रेशमी टोपी निघाली. लांबट तुकडा मधोमध दुमडून मागून शिवलेला, डोक्याच्या गोलाईसाठी कोपरा वळवलेला, कडेला बंदांच्या खुणा. लिंकन या इंग्लंडमधल्याच शहरातही तशीच मिळाली. दोन्ही एकाच ताग्यातल्या असाव्यात असं काहींना वाटतं. डब्लिनमध्येही टोप्या आणि ओढण्या सापडल्या. पण यॉर्कच्या ओल्या मातीत रेशीम आणि लोकर टिकते, लिनन विरून जातं. साध्या बाईच्या डोक्याला लिननचा रुमाल असला, तर तो आपल्याला दिसणारच नाही. लग्न झालेली बाई डोकं झाकायचीच, असं लोक ठामपणे सांगतात. त्याचा आधार मुख्यतः नंतर, ख्रिस्ती काळात लिहिलेल्या गोष्टींचा. खुद्द व्हायकिंग काळातल्या इवल्याशा चांदीच्या स्त्रीमूर्तींवर केस उघडे आणि मागे गाठ मारलेले दिसतात.

तर एकदा गटाच्या शिबिराला मी अशीच गाठ मारून गेले होते. शिबिरात लोकांना आत सोडायच्या आधी आमचे कपडे तपासतात. तपासणाऱ्या बाई माझ्या शिवणीवर खूश होत्या. सगळी हाताची, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याची. झग्याची काठ उलटून पाहिली, मण्यांची माळ पाहिली. मग वर बघून म्हणाल्या, "लग्न झालंय ना तुझं? मग डोकं झाकायला हवं."

साताऱ्याला आजेसासूबाईंच्या तेराव्याला, माजघरात, हेच मला ऐकवलं होतं. तेव्हा मी उठून बाहेर गेले होते. इथे उठले नाही. मूर्तींचं सांगितलं, थडग्यांचं सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, गटाचा नियम आहे, नाहीतर आज प्रेक्षकांत उभी राहा. त्यांच्या स्वतःच्या नाकावर चष्मा होता, तो नियमात बसत होता. मला चुलीपाशी बसायचं होतं, विणायला घेतलेला पट्टा तिथेच पडला होता. कुणाचा तरी पांढरा रुमाल मागून घेतला, बांधला आणि बसले. दिवसभर शाळेची मुलं येत राहिली, मी हसून पट्टा दाखवत राहिले. कुणीतरी फोटो काढला. नवऱ्याने तो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली आत्यांची एकच ओळ: "छान दिसतेस, इथे काय झालं होतं?"

त्यानंतर मी टोपी शिवली. रुमाल नियमाचा होता, टोपी मातीतून निघालेल्या वस्तूवरून बेतलेली आहे, असं मी सगळ्यांना सांगते. साताऱ्याच्या माजघरातून उठून गेलेली मी हे ऐकती तर म्हणाली असती, बाई, झाकलंसच ना शेवटी? म्हणू दे. तिला फेब्रुवारीत यॉर्कच्या वाऱ्यात उभं राहायचं नव्हतं. टोपी असली की लग्नाचं कुणी विचारत नाही आणि ते मला सोयीचं पडतं, हेही खरं. बिर्काच्या झग्यावर यॉर्कची टोपी, मध्ये अख्खा समुद्र, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

हे सगळं आत्यांना सांगून झालंय. त्या म्हणाल्या, "म्हणजे पदराला पुरावा हवा होता होय? आमच्या आईचे फोटो आहेत की." यावर मला काही बोलता आलं नाही. पदर मी अजूनही घेत नाही.