तिसऱ्या रविवारचा मेळावा

फेब्रुवारीतला तिसरा रविवार जगभरच्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटना विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळतात. सोलापुरात तेव्हा गड्ड्यावरचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेतले, पाळणे उतरलेले असतात, दुपारचं ऊन चटके द्यायला लागलेलं असतं आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. आमच्या कॉलेजातल्या प्रार्थना मंडळाचा वार्षिक मेळावा याच रविवारी व्हायचा. अभ्यास बुडतो म्हणून घरून कुरकुर व्हायची, तरी अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडची मुलं शनिवारी दुपारीच वसतिगृहावर हजर व्हायची.

मंडळ खऱ्या अर्थानं विद्यार्थ्यांचं होतं. पाळकसाहेब यायचे, पण सतरंजीवर आमच्यातच बसायचे आणि शेवटचं आशीर्वचन तेवढं द्यायचे. शास्त्रपाठ कोण वाचणार, पेटी आणि तबला कुणाच्या घरून आणायचा, जेवणाला किती माणसं धरायची, सगळं चिटणीस आणि त्याच्या हाताखालची चार-पाच मुलं-मुली ठरवायची. माईकसमोर उभं राहून बोलायला आम्ही जे शिकलो ते तिथेच. वर्गणी मागायला, मागून न मिळाली तरी गोड बोलून परत यायला, भांडलेल्या दोघांना एका कामाला जुंपायला, हेही तिथेच शिकलो.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिली आहे ती आदल्या रात्रीची साखळी प्रार्थना. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू व्हायची ती रविवारी सकाळी सहापर्यंत. अर्ध्या अर्ध्या तासाला दोघं बसायचे आणि उठताना पुढच्या दोघांना जागं करायचे. सभागृहामागच्या लहान खोलीत एक चटई, पहाटेच्या गारव्यासाठी एक सोलापुरी चादर, आणि टेबलावर बायबलशेजारी प्रार्थनावही. लाल पुठ्ठ्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तसली लांबट वही. डाव्या पानावर विनंती लिहायची, उजवं पान कोरं सोडायचं. पुढे काय झालं ते तिथे यायचं. ‘बाबांचे माग बंद आहेत, फीला मुदत मिळावी.’ समोर दुसऱ्या शाईत, ‘मुदत मिळाली, देवाची स्तुती.’ एका पानावर आईच्या ऑपरेशनसाठी विनंती होती. समोर लिहिलं होतं, ‘आई गेली. आता धाकट्या बहिणीसाठी प्रार्थना करा.’ त्या ओळीखाली पुढच्या प्रत्येक जोडीनं आपली नावं लिहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

त्या खोलीत मराठीइतकीच तेलुगू आणि कानडीही चालायची. पूर्व भागातली मुलं तेलुगूत प्रार्थना करायची, अक्कलकोटकडची कानडीत. शेजारचा ‘आमेन’ म्हणायचा, कळो न कळो. वहीत वर्गातल्या हिंदू, मुसलमान मित्रांची नावंही असायची. त्यातले काही जण स्वतः येऊन नाव लिहून घ्यायचे, आणि निकाल लागला की पेढेही आणायचे.

रविवारची सुरुवात अभंगांनी व्हायची. रेव्हरंड टिळकांची पदं टाळांच्या ठेक्यावर सुरू झाली की वसतिगृहाचा आचारीसुद्धा दारात येऊन उभा राहायचा. मग पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यानं गंजीची गोष्ट सांगायची, हा नेम होता. 1806 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला जमले, वादळी पाऊस आला, ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच परदेशी सुवार्ता नेण्याची गोष्ट त्यांच्यात निघाली. त्यांचा पुढारी सॅम्युअल मिल्स. 1810मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारी अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली त्यामागे याच विद्यार्थ्यांची धडपड होती. विल्यम्समध्येच शिकलेला गॉर्डन हॉल सॅम्युअल नॉटबरोबर 1813मध्ये मुंबईला पोचला. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते तिथून. 1831मध्ये त्याचं काम अहमदनगरला सुरू झालं आणि पुढे ते सोलापूरला आलं. आमच्या आजी-पणजीला अक्षरओळख झाली ती याच मिशनच्या शाळांत.

आमच्याकडे ज्वारीचा मुलूख, त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कडब्याचीच गंजी यायची. एका वर्षी गोष्ट सांगणाऱ्या मुलीनं शेवटी एवढंच सांगितलं, की मिल्स स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नाही; 1818मध्ये आफ्रिकेहून परतताना तो समुद्रावरच वारला, आणि हॉलही 1826मध्ये कॉलऱ्यानं गेला. एवढं बोलून ती खाली बसली. पुढारीपणावर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. त्यातलं एकही त्या दोन वाक्यांइतकं माझ्या मनात राहिलं नाही. ज्यानं सुरुवात केली त्याला फळ पाहायला मिळालं नाही, आणि त्या फळातलेच आम्ही सत्तर-ऐंशी जण समोर बसलो होतो.

दुपारी प्रीतिभोजन. मटणाचा रस्सा, कडक भाकरी, शेंगांची चटणी. वाढायला जुना चिटणीस आणि त्याची मंडळी. जेवणं उरकली की नव्या चिटणिसाची निवड. मतदान नव्हतं. वर्षभर कोण न सांगता सतरंज्या गुंडाळतं, कोण आजारी मुलाला सिव्हिलला घेऊन जातं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि बहुधा एकच नाव पुढे यायचं. ज्या वर्षी बार्शीच्या एका मुलीचं नाव आलं, त्या वर्षी ती आधी ‘नको’ म्हणाली. मग सगळे तिच्याभोवती उभे राहिले, माजी चिटणिसानं प्रार्थना केली आणि सभागृहाची किल्ली व वही तिच्या हातात दिली. तिनं तिथल्या तिथे वही उघडून स्वतःसाठी पहिली विनंती लिहिली, ‘मला लोकांचं ऐकून घेता यावं.’ वर्षभर तिनं ते केलंही. तिच्या काळात मंडळात जेवढी माणसं टिकली तेवढी मी नंतर पाहिली नाहीत.

मेळावा अजून भरतो. विनंत्या आता मोबाईलवरच्या ग्रुपवर येतात, पण वही मुलांनी बंद केलेली नाही, हे मला फार बरं वाटतं. साखळी प्रार्थनेत रात्री तीन ते पाचच्या वेळा मात्र रिकाम्या राहतात, असं चिटणिसाचं म्हणणं आहे. पूर्वी त्या वेळा चिटणीस स्वतः घ्यायचा. हल्ली मुलांना सोमवारी प्रात्यक्षिकं असतात. सोलापुरात राहणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांनी यंदा त्या चार जोड्या आपल्याकडे घ्याव्यात. माझं नाव साडेतीनला लिहिलं आहे, जोडीला कुणीतरी हवं आहे.