खिशातला चाकू, दिवस पहिला

स्वस्तातला घडीचा चाकू आज दिवसभर खिशात घेऊन फिरलो. पातं साधारण साडेसात सेंटिमीटर, पोलाद ८सीआर१३एमओव्ही. म्हणजे कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १३. धार पटकन लागते आणि तितक्याच पटकन उतरते. सकाळी कागद सरसर कापला गेला. मग पुठ्ठ्याची सात-आठ खोकी फोडली आणि संध्याकाळी तोच कागद कापायच्या ऐवजी फाटायला लागला. पुठ्ठा दिसतो गरीब, पण धारेचा पक्का वैरी!

लॉक मी सगळ्यात आधी बघतो, बोटं माझीच आहेत. लायनरची पट्टी (मुठीच्या आतली, उघडलेलं पातं मिटू न देणारी) पात्याच्या बुडाला नीट टेकतेय, पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटली तरी सुटली नाही. पातं मात्र डावी-उजवीकडे किंचित डुगडुगत होतं. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा स्क्रू पाव फेरा आवळला, तर उघडेचना. थोडा सैल केला, तेलाचा एक थेंब सोडला, जमलं.

क्लिप इतकी घट्ट की पॅंटच्या खिशाची शिवणच उसवली. लोंबणारे दोरे त्याच चाकूने कापले. तेवढं मात्र त्याने झकास केलं.