पाऊस स्तंभात, तापमान रेषेत

जून कोरडा जाऊ लागला की पुण्यात पावसाचे आलेख हातोहात फिरू लागतात, आणि त्यांतील बऱ्याच आलेखांत पाऊस, तापमान व खडकवासला साखळीतील चार धरणांचा पाणीसाठा या तिन्ही गोष्टी एकाच प्रकारच्या रेषांनी काढलेल्या असतात. माझा आक्षेप त्या रेषांना आहे.

वेधशाळेत सकाळी साडेआठला घेतलेली पावसाची नोंद मागील २४ तासांच्या एकूण पावसाची असते. काल शून्य आणि आज ४० मिलिमीटर या नोंदी रेषेने जोडल्या, तर मध्ये कुठेतरी २० मिलिमीटर पाऊस झाल्याचा भास होतो, जे कधी घडलेलेच नसते. म्हणून पावसाला स्तंभालेखच हवा, आणि स्तंभाची उंची हेच त्याचे माप असल्याने तो शून्यापासूनच उभा राहायला हवा. तापमान मात्र दोन नोंदींच्या मधल्या काळातही असतेच, त्यामुळे तेथे रेषालेख शोभतो. शिवाय सेल्सिअसचे शून्य हा केवळ पाणी गोठण्याचा संकेत असल्याने अक्ष तेथूनच सुरू करण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. धरणसाठ्यालाही रेषाच योग्य, आणि तिच्या शेजारी गतवर्षीची फिकट रेषा असली तर उत्तमच.

प्रश्न शंभर वर्षांच्या बदलाचा असेल, तर हे एवढे पुरत नाही. पुण्यात डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत अंतर इतके असते, की एखाद्या अंशाची दीर्घकालीन वाढ त्यात हरवून जाते. अशा वेळी मूळ तापमानाऐवजी सरासरीपासूनचे विचलन काढावे आणि ती सरासरी कोणत्या ३० वर्षांची, उदाहरणार्थ १९९१ ते २०२०, हे आलेखावरच लिहावे. सोबत अकरा वर्षांची चलसरासरी, म्हणजे प्रत्येक वर्षाची त्याच्या आधीच्या व नंतरच्या पाच-पाच वर्षांसह घेतलेली सरासरी, काढल्यास दोन्ही टोकांची पाच-पाच वर्षे गळतात. ती रेषा ओढूनताणून शेवटच्या वर्षापर्यंत नेऊ नये. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकप्रिय केलेले निळे-तांबडे पट्टे (दरवर्षी एक पट्टा, थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष तांबडे) भित्तिपत्रकावर परिणामकारक दिसतात, परंतु त्यांवर सहसा अक्षच नसल्याने अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठी लबाडी प्रारंभवर्षाच्या निवडीत असते. देशाच्या मोसमी पावसाचा आलेख १९७२ च्या दुष्काळापासून सुरू केला तर पाऊस वाढत चालल्याचा भास होईल, आणि पानशेत फुटले त्या १९६१ च्या अतिवृष्टीपासून केला तर तो घटत चालल्याचा. त्यामुळे उपलब्ध नोंदी जेथून सुरू होतात तेथूनच आलेख सुरू करावा, आणि ज्या दिवसाची नोंदच नाही तेथे शून्य न भरता जागा मोकळी सोडावी. अन्यथा पर्जन्यमापक बंद होता तो दिवसही कोरडा म्हणून मोजला जातो.