पैठणीच्या पदरासाठी कॅमेरा: सिग्मा डीपी-२ मेरिल घ्यावा की नाही, याचा माझा अनुभव

नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांमध्ये ट्रंकांत किंवा कपाटांत जपून ठेवलेल्या जुन्या पैठण्या, शालू आणि चंद्रकळा यांची छायाचित्रांसह नोंद ठेवण्याचे काम मी हौसेने करतो. या कामात माझा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा एका ठिकाणी हमखास अडत असे. नक्षीचा एखादा मोर किंवा कमळ जवळून टिपताना काहीच अडचण येत नसे, परंतु संपूर्ण पदर एका चौकटीत घेतला की जरीच्या भरगच्च भागावर मूळ वस्त्रात नसलेले गुलाबी आणि हिरवट पट्टे उमटत. धूपछाव पैठणीत, म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) एक रंग आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा असलेल्या कापडात, हा प्रकार अधिकच त्रासदायक होतो, कारण तेथे खरी रंगछटा कोणती आणि कॅमेऱ्याने निर्माण केलेली कोणती, हे नंतर छायाचित्र पाहून सांगता येत नाही. नोंद म्हणून काढलेल्या चित्राबाबत अशी शंका राहणे मला मान्य नव्हते.

या दोषाचे कारण सर्वसाधारण सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, रचनेत आहे. त्यातील प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो (निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी आणि पाव-पाव लाल व निळ्यासाठी असतात), आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. कापडाच्या धाग्यांची घनता पिक्सेलांच्या घनतेच्या जवळपास आली की हा अंदाज चुकतो. माझ्या बाबतीत हे गणित अगदी स्पष्ट होते: सुमारे सव्वा मीटर रुंदीचा भाग सहा हजार पिक्सेलांत बसवला की एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल येतात, आणि बारीक जरीचे धागे साधारण त्याच मापाचे असतात.

सिग्मा कंपनीच्या डीपी मेरिल मालिकेकडे मी वळलो तो यामुळे. या कॅमेऱ्यांतील फोव्हिऑन सेन्सरमध्ये रंगीत गाळण्यांची जाळी नसते. सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश पृष्ठभागाजवळ, हिरवा त्याखाली आणि लाल सर्वांत खोलवर शोषला जातो, या गुणधर्माचा उपयोग करून एकाच जागी एकाखाली एक तीन थर रचलेले असतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात. ज्यांच्या नावाने ही पिढी ओळखली जाते ते रिचर्ड मेरिल या सेन्सरच्या जनकांपैकी एक होते आणि २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. डीपी-१ आणि डीपी-२ मेरिल २०१२ मध्ये आले, तर डीपी-३ त्यानंतरच्या वर्षी. तिघांचाही सेन्सर एकच, प्रत्येक थरात ४७०४ गुणिले ३१३६ पिक्सेलांचा. फरक फक्त भिंगाचा असून ते अनुक्रमे १९, ३० आणि ५० मिलिमीटरचे, आणि बदलता न येणारे आहे.

कॅमेऱ्याच्या उणिवा कोणी लपवलेल्या नाहीत. एका बॅटरीवर शंभराच्या आतबाहेर छायाचित्रे निघतात, आणि कंपनीनेच खोक्यात दोन बॅटऱ्या दिल्या होत्या यावरून काय ते समजावे. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलतेचे माप) ४०० च्या पुढे नेले की रंग ढासळू लागतात. दर्शकाची खिडकी नाही, एक छायाचित्र कार्डावर उतरायला बराच वेळ लागतो, आणि रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) नीट उघडण्यासाठी सिग्माचेच संथ सॉफ्टवेअर वापरावे लागते. लग्नात, प्रवासात किंवा लहान मुलांच्या मागे धावताना हा कॅमेरा निरुपयोगी आहे, असे मी कोणालाही सांगेन. मला प्रश्न इतकाच पडला होता की यांतल्या किती उणिवा माझ्या कामाच्या आड येतात.

जुन्या रेशमावर तीव्र प्रकाश टाकू नये, म्हणून संग्रहालये अशा वस्त्रांसाठी ५० लक्सच्या आसपासची मर्यादा पाळतात, आणि मीही तेवढ्याच प्रकाशात काम करण्याचा प्रयत्न करतो. ५० लक्स, आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ ८ हे धरले की तीन सेकंदांच्या आसपासचा एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) लागतो. कॅमेरा स्टँडवर आहे, साडी हलत नाही (पंखा बंद करायला मात्र घरच्यांना आठवण करावी लागते), त्यामुळे कमी आयएसओची सक्ती मला मुळी सक्तीच वाटली नाही. एका घरी दिवसभरात फार तर काही डझन छायाचित्रे निघतात, म्हणजे बॅटरीचा आणि वेगाचा मुद्दाही निकालात निघाला. सॉफ्टवेअरचा संथपणा मात्र खरा होता. सुरुवातीला मी काही नमुना फाइली मिळवून माझ्याच लॅपटॉपवर उघडून पाहिल्या आणि प्रत्येक बदलानंतर थांबण्याची सवय आपल्याला लावून घेता येईल का, याचा विचार केला. सोळा बिटांची टिफ फाइल काढून पुढचे रंगकाम नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे, असे शेवटी ठरवले.

एका परिचित छायाचित्रकारांनी त्यांचा डीपी-२ मेरिल मला वापरून पाहायला दिला, आणि निर्णयाला खरी दिशा तेव्हाच मिळाली. आत्याबाईंच्या धूपछाव पैठणीचा पदर मी दोन्ही कॅमेऱ्यांनी, त्याच दिव्यांखाली, चौकट सारखीच राहील अशा बेताने टिपला. मिररलेसच्या चित्रात जरीवर नेहमीचे रंगीत पट्टे होते, तर मेरिलच्या चित्रात रंगाचा भास कोठेही नव्हता. एका कोपऱ्यात फिकट-गडद असे हलके पट्टे मात्र दिसले, कारण पिक्सेलांची मर्यादा ओलांडणारा बारीक पोत हा सेन्सरही जसाच्या तसा टिपू शकत नाही. तो फक्त त्याला खोटा रंग देत नाही. माझ्यासाठी हा फरक पुरेसा होता.

चंद्रकळेने मात्र वेगळा निकाल दिला. काळ्या वस्त्राच्या गडद भागात मेरिलच्या चित्रात हिरवट आणि जांभळट डाग उमटले, आणि एक्स्पोजर वाढवल्यावर ते कमी झाले तरी पूर्णपणे गेले नाहीत. तिन्ही थरांच्या नोंदी एकमेकींत बऱ्याच मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या काढताना अंधाऱ्या भागातील गोंगाट, म्हणजे रंगाचे खोटे ठिपके, वाढतो, हे वाचून ठाऊक होते. काळ्या साडीवर ते डोळ्यांना दिसले.

पर्यायांचाही विचार केला. काही कॅमेऱ्यांत सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार छायाचित्रे घेण्याची सोय असते (पेंटॅक्सने ती २०१५ मध्ये के-३ मार्क २ मध्ये दिली) आणि त्यातूनही प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग मिळतात. कागदावर हा उपाय मेरिलपेक्षा सरस आहे. परंतु मी ज्या घरांत जातो त्यांतल्या कित्येकांना लाकडी माडी आहे, शेजारच्या खोलीतून कोणी चालले तरी तक्तपोशी हलते, आणि प्रत्येकी तीन सेकंदांची चार छायाचित्रे एकमेकांवर अचूक बसण्याची खात्री तेथे देता येत नाही. क्वात्रो ही २०१४ पासूनची पुढची मालिका हाताळायला सोपी आहे, पण तिच्या खालच्या दोन थरांची घनता वरच्या थराच्या चतुर्थांश ठेवलेली आहे, आणि शेजारच्या दोन धाग्यांचे रंग वेगळे ओळखणे हेच ज्याचे काम त्याला ही तडजोड नको वाटते. नव्या सेन्सरची वाट पाहण्यातही अर्थ नव्हता. सिग्माने २०१८ मध्ये जाहीर केलेला फुल-फ्रेम (अधिक मोठ्या आकाराचा) फोव्हिऑन २०२१ मध्ये पुन्हा मुळापासून सुरू करावा लागला.

राहिला डीपी-२ की डीपी-३ हा प्रश्न. बारकाव्यांचे काम म्हटले की बहुतेक जण डीपी-३ सुचवतात, कारण त्याने एकतृतीयांश आकारापर्यंत जवळून चित्र घेता येते आणि त्याचे भिंगही उत्तम आहे. मी मात्र मोजपट्टी घेऊन बसलो. जुनी पैठणी टांगली तर जरीच्या वजनाने रेशमावर ताण येतो, म्हणून ती गादीवर पसरून वरूनच टिपावी लागते. सव्वा मीटरचा भाग चौकटीत बसवण्यासाठी ५० मिलिमीटरच्या भिंगाला अडीच मीटरहून अधिक उंची लागते, आणि तेवढे छत या माड्यांना नसते. ३० मिलिमीटरच्या भिंगाला दीड-पावणेदोन मीटर पुरतात. जवळून काढायच्या नक्षीसाठी माझा आधीचा कॅमेरा आहेच. निवड डीपी-२ची झाली.

मालिका इतकी जुनी असल्याने वापरलेला कॅमेरा घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्काची भर पडते आणि दोष निघाल्यास परत पाठवणे जिकिरीचे होते, म्हणून देशातच विकणारा भेटेपर्यंत थांबलो. घेण्यापूर्वी पांढऱ्या भिंतीचे चित्र एफ ११ वर काढून सेन्सरवरील धूळ तपासली, कारण भिंग निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून चारही कोपरे सारखेच स्पष्ट येतात का, हे पाहिले. बॅटरीची चिंता वाटली होती, पण रिकोहच्या जुन्या जीआर कॅमेऱ्यांची डीबी-६५ बॅटरी यात चालते, तेव्हा त्या दोन वेगळ्या घेऊन ठेवल्या. जुना मिररलेस मी विकलेला नाही. चंद्रकळा आणि इतर गडद वस्त्रांची छायाचित्रे मी अजून त्यानेच काढतो.