घोट्याएवढी उडी

मार्च-एप्रिलच्या दुपारी पुळणीवर उभे राहिले की वाळू पोटऱ्यांना चावते, तोंडाला मात्र लागत नाही. वारा तर डोक्याशी जास्त असतो! पण वाळूचा कण धुळीसारखा तरंगत नाही, तो टुणटुण उड्या मारत जातो. पाव मिलिमीटरचा कोरडा कण जागचा हलायला ताशी वीसेक किलोमीटरचा वारा लागतो. कण घोट्याएवढा उसळतो, वर वाऱ्याचा वेग घेतो आणि तिरका खाली आदळून शेजारच्या चार कणांना उठवतो. म्हणून एकदा खेळ रंगला की वारा जरा पडला तरी तो थांबत नाही. जाड कणांना उडी झेपत नाही, ते धक्के खात सरपटतात. आणि जोराचा वारा दुप्पट झाला की वाळू जाते ती जवळजवळ आठपट. खाली बसून भेळ खाणाऱ्याच्या दाताखाली कचकच येते, कारण तो वाळूच्या पातळीवर उतरलेला असतो.

मग कोकणातल्या वाळूच्या टेकड्या सोसाट्याच्या पावसाळी वाऱ्यात वाढत असतील? उलट. पाणी कणाला कण चिकटवून ठेवते. शंभर किलो वाळूत दोन-चार किलो पाणी असले तरी पुरते. टेकडी रचतो तो उन्हाळी दुपारचा खारा वारा. पहाटेचा मतलई वारा मुळात दुबळा, त्यात वाळू दवाने दमट. ती उचललेली वाळू परत दर्यात टाकणे त्याला जमत नाही.

टेकडीचा जन्म बघायचा तर भरतीच्या रेषेच्या वर एखादा पालथा शिंपला शोधावा. त्याच्या आडोशाला वारा मंदावतो आणि जमिनीच्या बाजूला वाळूची बोटभर शेपटी साठते. पण शिंपला वाळूखाली गेला की आडोसा संपला, वाढही संपली. मर्यादवेलीचे तसे नाही. आपट्यासारख्या पानांची, जांभळ्या फुलांची ही वेल पुरली गेली की वर शेंडा काढते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते. वाळू चढते, वेल चढते. नाव ठेवणाऱ्याला काय ते नेमके दिसले होते.

सगळ्या टेकड्या वाऱ्याच्याच, असेही नाही. दापोली तालुक्यात केळशीच्या खाडीमुखाजवळची टेकडी त्सुनामीने आणून टाकली, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. अशा वादात थर उकरून पाहावेत. वारा वाळू चाळून घेतो, त्यामुळे त्याच्या थरात कण एकसारखे बारीक. मोठाले शंख नि दगड मिसळलेले निघाले तर तिथे पाण्याचा हात असणार.

टेकडी मोडते साध्या गोष्टींनी. रोज त्याच पायवाटेने माणसे उतरली की वेल तुटते, उघड्या वाळूत वारा शिरतो आणि वाटेची घळ होते. साफसफाईचा ट्रॅक्टर प्लॅस्टिकबरोबर वेलही ओढून नेतो. सगळ्यात वाईट भिंत: तिच्यावर आपटून लाटा पायथ्याचीच वाळू खरवडतात. सुरूच्या बनाबद्दलही माझे मत फारसे बरे नाही. सावली गारेगार, पण खाली सुयांची जाड गादी, तिच्यातून वेल वर येत नाही.

घळ भरायला झावळ्यांचे कुंपण बरे. कमरेएवढे, वाऱ्याला आडवे, आणि निम्मे उघडे. इथेच बहुतेक चुकतात. झावळ्या गच्च विणल्या की वारा कुंपणावर आपटून भोवरा करतो आणि बुडखाच उकरतो. फटींतून गेलेला वारा दमतो, वाळू मागे टाकतो. पहिल्या पावसात तिथे मर्यादवेलीचे तुकडे लावावेत, दोन-तीन पेरी वाळूत पुरून. आणि माणसांसाठी टेकडीवरून उंच लाकडी साकव हवाच, नाहीतर लोक कुंपणाच्या कडेने नवी पायवाट पाडतात.